टेकू

विनया मयेकरला दिवसभरात एकच अर्धा तास स्वतःचा मिळायचा. संध्याकाळी सात ते साडेसात. पहाटे पाचला उठून ती शेजारच्या होमस्टेतल्या पाहुण्यांसाठी घावणे आणि चटणी करून द्यायची. मग घरचे डबे, मग दहा ते चार कानाला हेडफोन लावून हेल्पलाइनचं काम, मग पाणी, भांडी, रात्रीची भाकरी. सात वाजले की नवरा आणि मुलगी बाहेरच्या खोलीत ‘घरडाव’ लावून बसत. विनया आतल्या खोलीत लादीवर आडवी व्हायची आणि पाय भिंतीवर उभे टाकून डोळे मिटायची. झोप यायची नाही. पण बाहेरचं हसणं ऐकू येत राहायचं, आणि आपल्यावाचून घर चाललंय एवढं कळलं की अंग सैल पडायचं.

नवरा दिगंबर नांदखोल ते वेळशी या फेरीबोटीवर सारंग, म्हणजे बोट चालवणारा, होता. खाडीच्या या काठावरून त्या काठावर मोटारी, दुचाक्या, आंब्याचे टेम्पो आणि वेळशीच्या शाळेत जाणारी मुलं नेऊन सोडायची, दिवसाला चौदा फेऱ्या. वय शेहेचाळीस. चार्वी बारा वर्षांची, सातवीत.

घरडाव म्हणजे टीव्हीला जोडायची एक चपटी पेटी, आणि खेळणाऱ्या प्रत्येकाला दोन मुठी. मूठ म्हणजे खरोखरच मुठीत मावेल असा रबरी दांडा. नांदखोलमध्ये घरडाव आला तेव्हा लोकांना तो टीव्हीवरच्या जुन्या खेळांसारखाच वाटला होता. जुन्या खेळांची रड एकच होती. दहा वर्षांचं पोर चाळिशीच्या बापाला पाच मिनिटांत लोळवायचं, बाप कंटाळून उठायचा, आणि पोर पुन्हा एकटं. आजीने मूठ हातात घेतली तर ती नुसती हसण्याचा विषय व्हायची. घरडाव आल्यावर हे बदललं. पाच वर्षांची नात आणि सत्तर वर्षांची आजी एकवीस गुणांच्या डावात एकोणीस-एकोणीसपर्यंत यायच्या आणि दोघी घामाघूम होऊन हसायच्या. याला कंपनी ‘समतोल’ म्हणायची. जाहिरातीत तेवढाच शब्द होता, तो नेमकं काय करतो हे नव्हतं.

समतोल कसा साधतो हे विनयाला ठाऊक होतं, कारण ती त्याच कंपनीच्या मराठी हेल्पलाइनवर काम करायची. पहिल्या आठवड्याच्या प्रशिक्षणात त्यांना ते समजावलं होतं. माणूस अंगठा हलवायचं ठरवतो आणि अंगठा हलतो, या दोन्हींच्या मध्ये थोडा वेळ जातो. त्या वेळात हाताचे स्नायू आधीच चुळबुळू लागतात. आपल्याला ते जाणवत नाही, पण मुठीच्या रबरात विणलेल्या तारांना जाणवतं. यंत्राने त्या माणसाच्या हजारो खेळी साठवून ठेवलेल्या असतात. त्यांच्याशी ही चुळबूळ ताडून ते ओळखतं की आता हा डावीकडे झेपावणार. मग संथ माणसाच्या वतीने ते ती खेळी थोडी आधीच करून टाकतं. हात थरथरत असेल तर थरथर गाळून टाकतं.

आणि खरी मेख पुढेच होती. आपण मनात आणलं आणि ते लगेच घडलं, तर मन ‘हे मीच केलं’ असं धरून चालतं. घडवून आणणारा दुसरा कोणी असला तरी मनाला फरक कळत नाही. प्रयोगशाळेत ही गोष्ट फार आधीपासून माहीत होती, घरडावने ती घरोघरी नेली. आजीला वाटायचं, अजून हाताला वेग आहे. नातीला वाटायचं, मी मोठी झाले.

यंत्राने कुणाला किती उचलून धरलं त्याचा एक आकडा असायचा, शून्य ते शंभर. हेल्पलाइनवर त्याला ‘टेकू’ म्हणत. तक्रार तपासताना तो पडद्याच्या कोपऱ्यात दिसायचा, पण ग्राहकाला सांगायचा नाही असा नियम होता. ज्याचा टेकू त्याने स्वतः लेखी मागितला तरच द्यायचा. तसं कुणी मागत नसे, कारण असा काही आकडा असतो हेच कुणाला माहीत नव्हतं.

*

जानेवारीत चार्वीची शाळेच्या संघात निवड झाली. तालुक्याच्या क्रीडास्पर्धांत त्या वर्षीपासून ‘झेलाझेली’ हा घरडावचा खेळ घेतला होता, पण स्पर्धेत समतोल बंद ठेवून खेळायचं होतं. त्याला मुलं ‘कोरा डाव’ म्हणत. कोऱ्या डावाचा सराव घरी व्हावा म्हणून चार्वी बापाच्या मागे लागली. दिगंबरने पहिल्या दिवशी दमलोय म्हणून टाळलं, दुसऱ्या दिवशी डोळे चुरचुरतात म्हणून. तिसऱ्या दिवशी चार्वीने त्याला न विचारताच समतोल बंद करून टाकला.

विनया आत पाय वर करून पडली होती. पाच मिनिटं झाली तरी हसण्याचा आवाज आला नाही. मग दार आपटल्याचा आला. ती उठून बाहेर आली तर दिगंबर मुठी मांडीवर ठेवून टीव्हीकडे बघत होता. पडद्यावर एकवीस-दोन असे गुण होते. मुठींचं चार्जिंग गेलं असेल, असं तो म्हणाला आणि शर्ट चढवून जेटीकडे फिरायला निघून गेला.

चार्वी मागच्या पडवीत बसली होती. तिचं म्हणणं असं की बाबा मुद्दाम हरला. रोज तिच्याशी बरोबरीत खेळणारा माणूस दोन गुणांवर कसा अडकेल? चेंडू समोरून आला तरी तो नुसता बघत राहिला. त्याला तिची स्पर्धा म्हणजे पोरखेळ वाटतो, म्हणून त्याने चेष्टा केली.

“मला लहान समजतो तो,” ती म्हणाली. “हरायचं तर नीट तरी हरायचं ना.”

विनयाने तिची समजूत घातली, जेवायला वाढलं, ओटा पुसला. पण एकवीस-दोन हे गुण तिच्या डोक्यातून जाईनात. दिवसभर ती लोकांना कोऱ्या डावाबद्दल सांगायची. बाप बारा वर्षांच्या मुलीशी कोरा खेळला तर एकवीस-दहा, एकवीस-बारा असं होतं. दोन गुण पाच वर्षांच्या पोराला पडतात.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोन कॉलच्या मधल्या वेळात तिने ते केलं, जे करायची परवानगी नव्हती. स्वतःच्या घराचा क्रमांक टाकून तपासणीचा पडदा उघडला. चार्वीचा टेकू होता चार. तिचा स्वतःचा, दिवाळीत खेळली होती त्या दिवसाचा, अकरा. दिगंबरचा होता एकसष्ट.

तिला वाटलं वाचण्यात चूक झाली. तिने मागचे महिने उघडले. वीस महिन्यांपूर्वी नऊ. मग तेरा, मग वीस, मग अडतीस. रेघ कुठेही खाली आली नव्हती. डाव्या आणि उजव्या हाताचे आकडे वेगळे बघता यायचे. उजव्याचा चौऱ्याहत्तर होता. प्रशिक्षणात दिलेल्या तक्त्यात सत्तरीच्या माणसाचा सर्वसाधारण टेकू चाळीस लिहिला होता.

हेडफोनमध्ये परभणीचे कुणी गृहस्थ मूठ जोडली जात नाही म्हणून सांगत होते. विनयाने त्यांना पेटी बंद करून चालू करायला सांगितलं, धन्यवाद म्हटलं, आणि खिडकीतून खाडीकडे बघत बसली.

एकदा आकडा दिसल्यावर बाकीचं आपोआप दिसू लागलं. तो चालताना उजवा हात हलवत नाही, नुसता शेजारी लटकवून ठेवतो. चहा बशीत ओतायचं सोडून थेट कपातून पितो, तोही डाव्या हाताने. बोलताना चेहरा पूर्वीसारखा हलत नाही, म्हणून अलीकडे तो सतत रागावलेला वाटतो, आणि तीही मग उगाच तुटक बोलते. हे सगळं वर्षभर तिच्यासमोरच होतं. पण ती तरी कधी बघणार होती? सकाळी तो जायचा तेव्हा ती तव्यापाशी असायची, आणि संध्याकाळी तो मुलीशी खेळायचा तेव्हा भिंतीला पाय लावून पडलेली.

*

शनिवारी तिने हेल्पलाइनला सुट्टी कळवली आणि वेळशीच्या बाजाराचं निमित्त काढून दुपारच्या फेरीला बोटीवर चढली. दिगंबर वर केबिनमध्ये होता. तिने खालूनच हात केला. बोटीत दोन मोटारी, एक मिनीबस, सहा-सात दुचाक्या आणि पंचवीसेक माणसं होती. खाडी शांत होती, ओहोटीला नुकतीच सुरुवात झाली होती.

फेरीबोट धक्क्याला लावणं हे सारंगाचं खरं काम. पुढचा लोखंडी रॅम्प जेटीच्या उतारावर अलगद टेकला पाहिजे. त्यासाठी शेवटच्या तीसेक हात अंतरात इंजिनाचे दोन्ही लिव्हर योग्य क्षणी मागे ओढावे लागतात. लवकर ओढले तर बोट प्रवाहाने वाहते, उशिरा ओढले तर आदळते. लग्नानंतर पहिल्यांदा ती या बोटीत बसली होती तेव्हा रॅम्प टेकल्याचं तिला कळलंसुद्धा नव्हतं.

आज वेळशीची जेटी जवळ आली आणि बोटीचा वेग कमी होईना. विनयाने मान वर करून पाहिलं. केबिनच्या काचेतून दिगंबर दिसत होता, नजर रॅम्पवर. त्याच्या मागे म्हातारा खलाशी इस्माईलचाचा येऊन उभा राहिला होता. त्याने पुढे वाकून दिगंबरच्या उजव्या हातावर आपला पंजा ठेवला आणि लिव्हर मागे ओढला. इंजिन गुरगुरलं, पण रॅम्प दगडावर खणकन आदळलाच. एक दुचाकी आडवी झाली. कडेवर पोर घेतलेली एक बाई गुडघ्यावर बसली, तिच्या पोराचं डोकं मिनीबसच्या दारापासून वीतभर लांब राहिलं. पोर रडलं नाही. बाई उठली, साडी झटकली आणि वर बघून काहीतरी बोलली.

गाड्या उतरल्यावर विनयाने इस्माईलचाचाला गाठलं. तो दोर गुंडाळत होता. त्याने आधी टाळाटाळ केली, मग हळू आवाजात सांगितलं. दसऱ्यापासून हे चाललंय. सारंगाचा हात वेळेवर उठत नाही. डोळे बरोबर, अंदाज बरोबर, पण हात मागे राहतो. म्हणून जेटी आली की चाचाच वर जातो. बोटीवरच्या कुणीही मालकाला सांगितलेलं नाही. तेवीस वर्षं ज्याच्या हाताखाली काम केलं त्याची चहाडी कोण करणार.

“पण मी मे महिन्यात कामातून सुटतोय, विनया,” तो म्हणाला. “पुढे कोण हात धरील, ते माझ्याने सांगवत नाही.”

परतीच्या फेरीनंतर दिगंबरची जेवणाची सुट्टी होती. नांदखोल जेटीच्या टोकाला जुन्या गोदामाच्या सावलीत दोघं बसली. तिने डबा उघडला. तो डाव्या हाताने जेवू लागला आणि ती बघतेय हे लक्षात आल्यावर थांबला.

तिने सांगायला सुरुवात केली. हात दाखवायला हवा, रत्नागिरीला मज्जातंतूंचे डॉक्टर असतात, लवकर गेलं तर औषधांचा उपयोग होतो. त्याने ऐकून घेतलं आणि शांतपणे नकार दिला. उजवा खांदा आखडलाय, थंडी संपली की सुटेल. मागच्या वर्षभरात त्याला स्वतःलाही शंका आली होती, नाही असं नाही. पण त्याने त्यावर परीक्षा लावून ठेवली होती.

“रोज संध्याकाळी पोरीशी खेळतो ना मी,” तो म्हणाला. “तिच्या हाताला वीज आहे, तू बघतेस. तिच्याशी एकोणीस-एकोणीस करतो. हात बिघडला असता तर जमलं असतं? त्या दिवशी मुठीत काहीतरी गडबड होती. बाकी रोज खेळतो आणि मनाला सांगतो, दिगंबर, उद्या बोट न्यायला हरकत नाही.”

विनयाला वाटलं होतं, यंत्राने त्याचं दुखणं तिच्यापासून लपवलं. ते त्याच्यापासूनही लपवलं होतं, आणि तो रोज यंत्राकडूनच बोट चालवायचा दाखला घेत होता. मोटारींसकट, शाळेच्या मुलांसकट.

तिने त्याला टेकू म्हणजे काय ते सांगितलं. रबरातल्या तारा, स्नायूंची चुळबूळ, आधीच केलेली खेळी, सगळं. मग आकडा सांगितला. तो डब्याचं झाकण बोटांनी फिरवत राहिला, डाव्या हाताच्या.

“म्हणजे शंभरातले एकसष्ट ते यंत्र खेळत होतं,” शेवटी तो म्हणाला.

“हो.”

“आणि मला वाटायचं मीच.”

“तसंच वाटावं म्हणून ते बनवलंय.”

मग त्याने वेगळंच काढलं. मालक नाटेकर पावसाळ्याआधी बोटीवर नवे लिव्हर बसवणार होते. त्या लिव्हरच्या मुठीत अशाच तारा असतात, सारंगाचा हात ओळखतात आणि उशीर झाला तर सावरून घेतात, असं लिव्हर विकायला आलेला माणूस सांगून गेला होता. म्हणजे चार महिने. तोवर इस्माईल होताच. नंतर कुणाला कधी कळायचं कारण नव्हतं. त्याने हे विनवणीच्या सुरात सांगितलं नाही, हिशेबाने सांगितलं, आणि विनयाच्या मनात क्षणभर आलंही की होऊ दे तसं. सगळं जसं आहे तसं राहील. पहाटेचे घावणे, हेल्पलाइन, सातचा अर्धा तास. दुखणं अंगावर घ्यायला तिच्यात त्राण उरलं नव्हतं.

पण दुपारच्या वेळी येणारे कॉल तिला पाठ होते. दर आठवड्याला कुणीतरी सांगायचं की खेळताना मध्येच घरात काहीतरी घडलं, पोर पडलं, कुत्रं अंगावर आलं, आपण मूठ सोडून द्यायला गेलो, तरी पडद्यावरचा खेळाडू नेहमीसारखा झेपावतच राहिला. तांत्रिक विभागाचं त्यावर ठरलेलं उत्तर होतं. यंत्र माणसाच्या सवयी शिकतं. जे माणसाने कधी केलेलं नाही ते त्याला ओळखता येत नाही.

“तुम्ही रोज लावता तशी बोट ते लिव्हर लावतील,” ती म्हणाली. “पण रॅम्पखाली एखादं पोर पडलं तर? तुम्ही आयुष्यात केला नाही असा हात तेव्हा मारावा लागेल. तो लिव्हरला माहीत नसणार, आणि तुमचा हात उठणार नाही.”

पुढच्या फेरीचा भोंगा झाला. दिगंबर उठला, दोन पावलं गेला आणि थांबला. मग त्याने केबिनकडे हात करून इस्माईलचाचाला बोलावलं आणि मालकाला फोन लावायला सांगितला. ती फेरी एक तास उशिरा सुटली. बदली सारंग दुसऱ्या बोटीवरून आणावा लागला. रांगेतल्या गाड्यांनी हॉर्न वाजवून जेटी डोक्यावर घेतली, आणि दिगंबर त्या सगळ्यांच्या मधून, कुणाकडे न बघता, पायी घरी आला.

*

चार्वीला त्याने स्वतःच सांगितलं, त्याच संध्याकाळी. विनया दारात उभी होती. त्याने मूठ हातात धरून दाखवलं, तारा कुठे असतात, यंत्र काय करतं. मुलीने सगळं ऐकलं. ती रडेल असं विनयाला वाटलं होतं. ती चिडली.

“मग मी इतके दिवस कोणाशी खेळत होते?”

दिगंबरने मूठ खाली ठेवली. “हात कुणाचा होता ते मला सांगता येत नाही,” तो म्हणाला. “हसत होतो तो मी होतो.”

चार्वी उठून गेली. चार दिवस पेटीला कुणी हात लावला नाही. सात वाजले की घरात एक विचित्र शांतता व्हायची आणि तिघंही काहीतरी काम काढत. विनयाने त्या चार दिवसांत एकदाही भिंतीला पाय लावले नाहीत, पडावंसं वाटत असूनही. पाचव्या दिवशी चार्वीने पेटी लावली, समतोल बंद केला आणि बापाच्या हातात मुठी दिल्या. एकवीस-तीन. तिने एकही चेंडू सोडून दिला नाही. डाव सहा मिनिटांत संपला. “परत?” तिने विचारलं. दुसऱ्यात त्याने चार गुण केले. चौथा झेल घेताना तो इतका जोरात ओरडला की होमस्टेतल्या पाहुण्याने कुंपणावरून डोकावून पाहिलं. मग तो दमला आणि तिथेच आडवा झाला.

स्पर्धेत ती दुसऱ्याच फेरीत हरली. त्याचं तिला फारसं दुःख झालेलं दिसलं नाही.

हेल्पलाइनवर मात्र विनयाचं बिनसलं. नियम मोडून पाहिलेला आकडा तिने नियमात बसवून घेतला. दिगंबरच्या सहीने लेखी अर्ज केला, वीस महिन्यांचा तक्ता कागदावर मिळवला, तो डॉक्टरांना दाखवायला लागणारच होता. पण त्यानंतर तिला गप्प बसवेना. कुणाचा फोन आला, आजोबा अजून कसे तरबेज खेळतात असं कुणी कौतुकाने सांगितलं, की ती सांगायची, एक टेकू नावाचा आकडा असतो, ज्याचा त्याने लेखी मागवला तर मिळतो, मागवा. तेवढंच. नियमात बसेल तेवढं. काही जण मागवायचे. काही जण चिडून फोन ठेवायचे, असं कशाला सांगता म्हणायचे.

तिसऱ्या आठवड्यात पर्यवेक्षक बाईंचा फोन आला. बाई वाईट नव्हत्या. त्यांनी समजुतीच्या स्वरात सांगितलं की लोक संध्याकाळी चार घटका सुखाने खेळतात, त्यांना घाबरवून काय मिळतं? आपलं यंत्र वैद्यकीय नाही, तसा दावाही नाही. विनयाने विचारलं की मग तो आकडा आपण ठेवतो कशाला? बाई म्हणाल्या, खेळ चांगला व्हावा म्हणून. त्यावर विनयाला वाद घालायची शक्ती नव्हती. पुढच्या महिन्यापासून तिचे कॉल अर्धे झाले, आणि तिने त्याबद्दल कुणाला काही विचारलं नाही. मोकळ्या झालेल्या वेळात ती डुलक्या काढू लागली.

*

मार्चच्या दुसऱ्या मंगळवारी रत्नागिरीच्या डॉक्टरांची वेळ मिळाली. तोवर गावच्या दवाखान्यात मज्जातंतूंच्या ज्या आजाराचं नाव उच्चारलं गेलं होतं तेच रत्नागिरीतही निघणार, हे दोघांना माहीत होतं. रत्नागिरीला जायचं तर खाडी ओलांडावी लागते. नांदखोल जेटीवर दोघांनी खिडकीवर तिकिटं काढली. खिडकीतल्या मुलीने सारंगकाकांना तिकीट नको म्हटलं, दिगंबरने ऐकलं नाही.

फेरीबोटीवर तो याआधी प्रवासी म्हणून बसला त्याला किती वर्षं झाली हे त्याला आठवत नव्हतं. कडेच्या बाकावर मोटारींच्या मध्ये जागा मिळाली. इस्माईलचाचा लांबूनच सलाम करून गेला, जवळ आला नाही. वर केबिनमध्ये नवा सारंग होता, हर्णैकडचा, तिशीचा, नाव आशुतोष की काहीतरी. हात चपळ होता. अनुभव बेताचा होता.

उजवा हात मांडीवर ठेवून दिगंबरने तो डाव्या हाताखाली दाबून धरला होता. विनयाने पिशवीतून कागद काढून पुन्हा बघितले, तक्ता, अर्ज, जुने रिपोर्ट. तिचे डोळे मिटत होते. पहाटे ती नेहमीसारखीच पाचला उठली होती.

वेळशीची जेटी जवळ आली. ओहोटी जोरात होती, पाणी डावीकडे ओढत होतं. दिगंबरने मान वर केली.

“डावं इंजिन,” तो स्वतःशीच पुटपुटला. दोन क्षणांनी डाव्या इंजिनाचा आवाज चढला. “जरा सोड.” मग आवाज उतरला, उशिरा. बोट किंचित तिरकी झाली. “आता मागे. दोन्ही.” विनयाने मनात एक, दोन मोजलं, तेव्हा कुठे इंजिनं उलटी फिरली. रॅम्प घासत, करकरत दगडावर चढला. माणसं बाकांवरून पुढे झुकली आणि परत मागे आली.

तिने नवऱ्याकडे पाहिलं. त्याचा एकही शब्द चुकला नव्हता. सगळे वेळेवर आले होते, बोटीच्या आधी. आणि मांडीवरचा हात दाबाखालीसुद्धा हलत होता, बारीक, न थांबता.

“त्या पोराला सांगायला हवं कुणीतरी,” तो म्हणाला. “ओहोटीला इथे पाणी खालून ओढतं. वरून दिसत नाही.”

“परतताना सांगा.”

“ऐकेल?”

“तुमचं ऐकेल,” विनया म्हणाली. तिला खात्री नव्हती.

मोटारी सुरू झाल्या, धूर आणि हॉर्न झाले, माणसं रॅम्पकडे ढकलाढकली करू लागली. दिगंबर उठायला गेला, पाय जागचा हलेना, तो परत बसला. विनयाने पिशवी खांद्याला लावली आणि त्याच्या शेजारीच बसून राहिली. शेवटची दुचाकी उतरेपर्यंत दोघं तिथेच बसली होती. मग तिने दंडाला धरून त्याला उभं केलं, आणि रिकाम्या बोटीवरून, लोखंडावर एकेक पाऊल ठेवत, दोघं हळूहळू जेटीचा चढ चढू लागली.